चार दिवस राजधानीत : हिवाळ्यातलं ग्वाल्हेर

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे तळाला गेले, की आमच्या वयाच्या मंडळींच्या फोनवर एकच विषय सुरू होतो. डिसेंबरात कुठे जायचं? नाताळच्या आठवड्यात ऑफिसात काम थंडावलेलं असतं, मुलांना सुट्टी असते आणि शिल्लक रजा वर्षअखेरीला बुडणार असते. मग कोणी प्राग म्हणतं, कोणी व्हिएन्ना, कोणी बुडापेस्ट. चार रात्री, एकच शहर, पाठीवर एक सॅक. याला आता सगळेच ‘सिटी ब्रेक’ म्हणतात.

या सहलींचा आराखडा पाहिला तर तो बहुतेक ठरलेला असतो. टेकडीवरचा जुना किल्ला, खाली जुन्या गावातला चौक, राजाचा वाडा आणि त्यातली झुंबरं, एका संध्याकाळी शास्त्रीय संगीत, नाताळचा बाजार आणि थंडीत हातात काहीतरी गरम. मी अशी सहल केली आहे आणि ती छानच झाली. जे जाणार आहेत त्यांनी जरूर जावं. पण ज्यांचा व्हिसा वेळेत मिळाला नाही, विमानाची तिकिटं ज्यांच्या हाताबाहेर गेली, किंवा ज्यांना घरातल्या ज्येष्ठांनाही बरोबर न्यायचं आहे, त्यांच्यासाठी हाच आराखडा मी दुसऱ्या एका राजधानीवर बेतून दाखवणार आहे. त्या राजधानीचं नाव ग्वाल्हेर.

मी इथलाच. लश्करात वाढलो, इथेच बी.ई. केलं, आठ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि २०२० पासून घरून काम करत पुन्हा इथे आहे. त्यामुळे हिवाळा आला की चुलत-मावस भावंडांचे फोन येतात, “अरे, दोन दिवसांत काय काय होईल?” माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन दिवसांत किल्ला आणि महाल होतो. ग्वाल्हेर हवं असेल तर चार द्या.

आधी थोडा इतिहास, आखणीपुरता

आपण ज्याला ग्वाल्हेर म्हणतो ती खरं तर तीन गावं आहेत. किल्ल्याच्या पायथ्याशी उत्तरेला जुनं ग्वाल्हेर, पूर्वेला मुरार ही इंग्रजांची छावणी, आणि दक्षिणेला लश्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ टाकला. त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैन होती. तळ हलायचा होता, पण हललाच नाही. तंबूंच्या जागी घरं उभी राहिली, घरांचे वाडे झाले, आणि शहराला नाव पडलं ते लश्करच. फौजेबरोबर चिटणीस, फडणीस, पुजारी, वैद्य, गवई, सराफ असे सगळे आले. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ‘आमचे मूळ पुरुष महाराजांबरोबर आले’ असं सांगतात, त्यांचे मूळ पुरुष बहुधा याच तळावर उतरले असतील.

म्हणून लश्करातल्या वस्त्यांची नावं वाचत चालणं हीच एक सहल आहे. दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज, माधवगंज ही नावं शिंद्यांच्या पिढ्यांची, आणि शिंदे की छावनी, फालका बाजार, निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ ही त्यांच्या सरदार-कारभाऱ्यांची. ‘गोठ’ म्हणजे गाईगुरांचा गोठा नव्हे. ‘शत्रूच्या गोटात’ म्हणतो तो फौजी गोटच इथे गोठ होऊन राहिला असावा, असं मला तरी वाटतं. शब्द मराठी, मधला ‘की’ हिंदी. आमच्या बोलीचंही तेच आहे. आजी आजही विचारते, “तू कुठे जाऊन राहिला?” पुण्यात मी असं बोललो की लोक हसायचे. इथे कोणी हसत नाही.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस आणि गोवा एक्स्प्रेस थेट ग्वाल्हेरला येतात. दिल्लीहून अंतर सुमारे ३२० किलोमीटर; शताब्दीने साडेतीन तासांच्या आत पोचता येतं. परदेशातून येणाऱ्यांना दिल्लीला उतरून रेल्वेने येणं सोपं. विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, पण विमानांच्या वेळा मोसमागणिक बदलतात, त्या आधी पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा : धुकं. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत उत्तर भारतातल्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि विमानंही रद्द होतात. परतीच्या गाडीला लागूनच दिल्लीचं आंतरराष्ट्रीय विमान धरू नका. मध्ये एक रात्र मोकळी ठेवा. धुकं टाळायचं असेल तर डिसेंबरचा मध्य किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम. थंडी हलकी समजू नका. पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत सहज उतरतो आणि इथली घरं युरोपासारखी आतून गरम केलेली नसतात. वाड्यात तर बाहेरपेक्षा आत जास्त गार असतं. पायमोजे, कानटोपी, आजी-आजोबांसाठी जाड शाल आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन या.

राहायला लश्कर, फुलबाग किंवा स्टेशनजवळचा भाग बरा. जयविलास महालाशेजारचं उषाकिरण पॅलेस हे महागडं हॉटेल आहे. साध्या खर्चात बसणारी हॉटेलं स्टेशनच्या आसपास भरपूर आहेत. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांना एक फोन आधी करा आणि जेवणाचा बेत ‘साधाच’ असू दे म्हणून सांगा. तो साधा नसेल, पण सांगा.

पहिला दिवस : किल्ला

किल्ल्याला दोन वाटा आहेत. पश्चिमेची उरवाई वाट गाडीने चढते, पूर्वेची वाट पायी. माझा सल्ला : उरवाईने गाडीने वर जा आणि पूर्वेकडून पायी उतरा. गुडघेदुखीवाल्यांना त्याच गाडीतून खाली आणून किल्ला गेटपाशी भेटायला सांगा.

उरवाईच्या चढावर कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन तीर्थंकर मूर्ती दिसतात. त्या पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या. बाबराच्या हुकमाने अनेक मूर्तींचे चेहरे फोडले गेले. काहींची डागडुजी नंतर झाली. वर पोचल्यावर तेली का मंदिर पाहा. ते किल्ल्यावरचं सगळ्यात उंच देऊळ असून त्याचं शिखर उत्तरेच्या इतर देवळांसारखं नाही. मग सास-बहू मंदिर. सासू-सुनेशी त्याचा संबंध नाही. ‘सहस्रबाहू’चं बोलीत झालेलं हे रूप आहे असं सांगतात. कच्छपघात राजा महिपालाच्या काळात, १०९३ मध्ये, ते पुरं झालं. त्याच्या कठड्यावरून सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं.

दुपारी गुरुद्वारा दाता बंदी छोड. जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांना याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं. सुटका झाली तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर ५२ राजांनाही सोडवून नेलं, अशी शीख परंपरा सांगते. इथे लंगरात जेवा. मुलांना पंगतीत बसून वाढून घ्यायची सवय नसेल तर ती इथे लागते.

मग मानमंदिर. मानसिंह तोमर याने (राज्यकाल १४८६ ते १५१६) बांधलेला हा महाल बाहेरून निळ्या-पिवळ्या फरशांच्या बदकांनी, हत्तींनी, केळीच्या झाडांनी नटलेला आहे. आत खाली उतरलं की तळघरं लागतात. मोगल काळात ती राजबंद्यांसाठी वापरली गेली. औरंगजेबाने आपला भाऊ मुराद याला याच किल्ल्यावर ठेवलं आणि १६६१ साली इथेच त्याचा शेवट झाला. निळ्या बदकांच्या भिंतीमागे अशी अंधारी जागा आहे, हे मुलं फार दिवस विसरत नाहीत.

उतरताना, लक्ष्मण दरवाजाजवळ, कड्यातच कोरलेलं एक छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे. बरेच लोक त्याच्यासमोरून गप्पा मारत निघून जातात. तुम्ही थांबा. इथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेचं माप दिलं आहे : १८७ हात गुणिले २७० हात. आणि रोज ५० हारांची सोय केल्याचंही लिहिलं आहे. २७० आणि ५० या दोन्ही आकड्यांतलं शून्य आज आपण लिहितो तसंच गोल आहे. भारतात दगडावर कोरलेल्या शून्याच्या अगदी जुन्या, तारखेनिशी सांगता येणाऱ्या नमुन्यांपैकी हा एक आहे. जगात यापेक्षा जुनंही सापडलं आहे. कंबोडियातल्या एका लेखात इसवी सन ६८३ चं शून्य ठिपक्याच्या रूपात आहे. पण आमच्यासारख्या शून्य-एकावर पोट भरणाऱ्यांनी इथे एक मिनिट उभं राहायला हरकत नाही. मला त्या लेखातलं आवडतं ते हे, की शून्याचा त्यात काही गाजावाजा नाही. माळ्याला बाग किती मोठी आणि हार किती, एवढाच हिशेब आहे.

पायथ्याशी गुजरी महाल. मानसिंहाने मृगनयनीसाठी बांधलेल्या या महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका इथलीच. ती कुलपात असते. विनंती केल्यावर दाखवतात, म्हणून विचारायला संकोच करू नका. निघण्याआधी साप्ताहिक सुट्टीचा वार मात्र तपासा. किल्ल्यावर संध्याकाळी हिंदी आणि इंग्रजीत ध्वनि-प्रकाश कार्यक्रम असतो, पण लहान मुलं बरोबर असतील तर त्या बोचऱ्या वाऱ्यात बसण्याआधी विचार करा.

दुसरा दिवस : बाडा, गल्ल्या आणि महाल

सकाळी लवकर लश्करात या. सुरुवात बेडईने. उडदाच्या वाटणाची तळलेली पुरी, बरोबर झणझणीत बटाट्याची भाजी. मग चालत महाराज बाड्यावर. हा चौक म्हणजे जयाजी चौक, पण ते नाव पाटीवरच असतं. गोल फिरून पाहिलं तर टाउन हॉल, स्टेट बँकेची इमारत, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, जुना छापखाना अशा इमारती दिसतात आणि प्रत्येकीची घडण वेगळी. युरोपातल्या जुन्या चौकात आपण मान वर करून तासभर घालवतो. तेवढाच वेळ इथे द्या, फक्त मागून येणाऱ्या ई-रिक्षांकडे लक्ष ठेवा.

चौकाला लागूनच गोरखी. महाल बांधण्याआधी शिंद्यांचं वास्तव्य इथे होतं आणि त्यांचं देवघर इथेच आहे. इथल्या गोरखी शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचा जन्म शिंदे की छावनीतला, २५ डिसेंबर १९२४ चा. नाताळच्या सुट्टीत आलात तर शहरात त्या दिवशी कार्यक्रम असतातच. त्यांना आवडणारे बुंदीचे लाडू नया बाजारातल्या बहादुरा मिठाईवाल्याकडे आजही मिळतात. दुकान अगदी साधं आहे, आणि तसंच ते बरं वाटतं.

तिथून सराफ्यातून आत शिरा. सराफ्यातल्या जुन्या घरांचे दगडी झरोके आणि जाळ्या वर बघत चालल्याशिवाय दिसत नाहीत. ग्वाल्हेरचा दगड कोरायला मऊ, म्हणून साध्या घराच्या सज्जालाही इथे नक्षी आहे. पुढे छत्री बाजाराकडे शिंदे घराण्याच्या छत्र्या आहेत. जाताजाता एखाद्या वाड्याच्या दिंडीतून आत डोकावलात आणि कोणी “कौन?” असं विचारलं, तर मराठीत उत्तर द्या. पुढचा प्रश्न “कोणाकडचे?” असा आला की समजा, चहा झाल्याशिवाय सुटका नाही.

दुपारी जयविलास महाल. जयाजीरावांनी १८७४ मध्ये तो बांधून घेतला. वास्तुकार मायकेल फिलोस. दरबार हॉलातली दोन झुंबरं प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. छत हे वजन पेलेल की नाही हे पाहायला आधी छतावर हत्ती चढवले होते, ही गोष्ट इथलं प्रत्येक पोर सांगतं. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडीही इथेच. २०२२ मध्ये महालात मराठा इतिहासाचं स्वतंत्र दालनही उघडलं आहे. पानिपतानंतर दहा वर्षांत महादजींनी उत्तरेत पुन्हा जम कसा बसवला, हे मुलांना इथे नकाशासमोर उभं करून सांगणं सोपं जातं. शाळेच्या पुस्तकात पानिपत येतं आणि धडा संपतो. ग्वाल्हेर हा त्या धड्याचा पुढचा भाग आहे.

पण दरबार हॉलात एक आठवणही ठेवायला हवी. या वैभवाच्या सोळा वर्षं आधी, जून १८५८ मध्ये, राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं होतं आणि जयाजीराव आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. इंग्रजांनी शहर परत जिंकलं, पण किल्ला मात्र शिंद्यांना लगेच दिला नाही. तो १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात मिळाला. राणीची समाधी फुलबागेत, महालापासून फार लांब नाही. एकाच दुपारी दोन्ही पाहता येतात. लहानपणी आम्ही ‘मग आपण कोणाच्या बाजूचे?’ असं विचारत असू आणि मोठी माणसं विषय बदलत. आता भाची तोच प्रश्न विचारते. मी विषय बदलत नाही. आपण दोन्हींच्या मधल्या लश्करातले, असं सांगतो, आणि समाधीवर फूल वाहायला तिलाच पुढे पाठवतो.

तिसरा दिवस : गाणं आणि मेळा

युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला ‘संगीताचं शहर’ म्हणून आपल्या यादीत घेतलं. इथल्या लोकांना त्याचं फार नवल वाटलं नाही. हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौस यांचा दगडी जाळ्यांचा भव्य मकबरा आहे आणि त्याच आवारात तानसेनाची छोटी, उघडी कबर. शेजारच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. पानं ओरबाडू नका. पडलेलं एखादं उचला.

डिसेंबरात इथे तानसेन समारोह होतो. १९२४ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेल्या या उत्सवाची शंभरावी खेप २०२४ मध्ये झाली. सकाळी कबरीपाशी सनई, मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाची हरिकथा आणि त्यानंतर मिलाद, अशी सुरुवात करण्याची रीत आहे. मुसलमान गवयाच्या कबरीसमोर मराठी कीर्तन परंपरेतला बुवा हरिकथा सांगतो आणि पाठोपाठ मिलाद होतो. हे पाहायला मी कोणालाही व्हिएन्नाहून बोलावीन. एक मैफल तानसेनाच्या जन्मगावी, बेहटला होते. तारखा दरवर्षी जाहीर होतात. त्या पाहूनच तिकिटं काढा.

आणि हे गाणं परकं नाही. हद्दू-हस्सू खाँची गायकी शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, आणि पुढे सगळ्या देशात गांधर्व महाविद्यालयं. तुमची मुलगी पुण्यात किंवा न्यू जर्सीत गाण्याच्या क्लासला जात असेल तर तिच्या गुरूंच्या गुरूंची वाट बहुधा लश्करातून गेलेली आहे. इथे कृष्णराव शंकर पंडितांचं घराणं, राजाभैया पूछवाले, आणि भातखंड्यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये निघालेलं माधव संगीत महाविद्यालय. जीवाजीगंजातल्या सरोद घरात, म्हणजे उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या जुन्या घरात, आता वाद्यांचं संग्रहालय आहे. छोटं आहे आणि मुलांना आवडतं.

संध्याकाळ मेळ्याची. १९०५ मध्ये गुरांच्या बाजारापासून सुरू झालेला ग्वाल्हेरचा मेळा आता डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. पाळणे, मौत का कुआँ, लोकरी कपडे, लोणची, क्रोकरी, अगदी मोटारींचे शोरूमसुद्धा. गजक इथेच घ्या. तीळ आणि गूळ लाकडी हातोड्याने कुटून कुटून त्याचे पापुद्रे करतात. शेजारच्या मुरैन्याच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. संक्रांतीला घरी न्यायला याहून चांगला वाण नाही, फक्त सामानात वर ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत चुरा होतो.

चौथा दिवस

ज्यांना अजून पाहायचं आहे त्यांनी मुरैन्याच्या बाजूला मितावली, पडावली, बटेश्वर असा फेरा करावा. मितावलीचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर आणि बटेश्वरला पडझडीतून पुरातत्त्व खात्याने पुन्हा जुळवून उभी केलेली देवळं अर्ध्या दिवसात होतात. देवळांचे सुटे दगड ओळखून जागच्या जागी बसवणं म्हणजे काय काम असेल, हे तिथे गेल्यावर कळतं.

पण ज्यांचं लश्करात कोणी आहे, किंवा कधीकाळी होतं, त्यांनी चौथा दिवस दुसऱ्या कशालाही देऊ नये. त्याचं कारण सांगतो.

आमचा वाडा जनकगंजात आहे. सहा जणांचे हिस्से आहेत आणि त्यांतले पाच ग्वाल्हेरबाहेर. मागचा सोपा उतरवून घेतला आहे, पावसाळ्यात दोन खोल्या गळतात, आणि आजी ८६ वर्षांची आहे. विकायचा की नाही हे या हिवाळ्यात ठरवायचं आहे. बंगळुरूचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, “कागद पाठव, सही करतो. ग्वाल्हेरला येऊन काय बघायचं? आपण तर तिथलेच!” त्याचं प्रागचं तिकीट झालं होतं. मी त्याला विकू नको म्हणालो नाही. मीही विकण्याच्याच बाजूचा आहे; गळणारं छप्पर आठवणींवर उभं राहत नाही, त्याला कडीपाट लागतो आणि कडीपाटाला पैसे. मी एवढंच म्हणालो, “सही कुठूनही होईल. पण तुझ्या मुलीने हे घर पाहिलेलंच नाही. तिला काय विकलं ते तरी दाखव.”

तो प्रागला जाऊन आला आणि फेब्रुवारीत चार दिवस इकडे येतो आहे. बाकीचेही तेव्हाच जमणार आहेत. त्या चौथ्या दिवसाची आखणी मी केली आहे. तुमच्या घरालाही ती चालेल म्हणून देतो.

सकाळी उजेड चांगला असताना घरातले जुने कागद बाहेर काढायचे. संस्थानच्या काळातले बरेच कागद मोडीत असतात. ते आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. प्रत्येकाचा सरळ वरून, उन्हाची तिरीप न येऊ देता फोटो काढायचा, पाठ कोरी नसेल तर पाठीचाही. लॅमिनेशन करायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही. फाइलला नाव देताना कोणाच्या पेटीतला कागद ते लिहायचं. मोडी वाचणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत. कागद असेल तर वाचणारा मिळतो.

दुपारी आजीला उन्हात बसवायचं आणि फोन रेकॉर्डिंगवर ठेवायचा. “इतिहास सांग” म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. त्यापेक्षा “या कोनाड्यात काय असायचं?” असं विचारायचं. मग कोनाडा, मग त्यातली चिमणी, मग ती फोडणारा दीर, असं आपोआप येतं. आणि ते सगळं आमच्या बोलीत येतं, ‘करून राहिला’वाल्या मराठीत, जी कोणत्याही ॲपवर शिकवत नाहीत.

ही बोली किती दिवस राहील, हा प्रश्न मला वाड्यापेक्षा मोठा वाटतो. भा. रा. तांबे या भागातले, ग्वाल्हेरचे राजकवी. मुक्तिबोधांच्या मराठी घरात गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या, म्हणजे संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा ग्वाल्हेरला मिळाल्या. त्या मांडवात माझे आजोबा स्वयंसेवक होते. आज आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं हाताच्या बोटांवर आहेत आणि त्यांतली मुलं आपसात हिंदीच बोलतात. यात कोणाचा दोष आहे असं मला वाटत नाही. जिथे राहायचं तिथली भाषा येते. पण घरात दोन भाषा सहज नांदू शकतात हे याच मातीत सिद्ध झालेलं आहे, एवढं मुलांना माहीत असावं.

संध्याकाळी मुलांच्या हातात खडू द्यायचा आणि अंगणात वाड्याचा नकाशा काढायला लावायचा : विहीर कुठे, देवघर कुठे, कोण कुठल्या खोलीत जन्मलं. मोठ्यांची भांडणं इथे होतातच, “ती खोली आमची होती” वगैरे. होऊ द्यावीत, तेही रेकॉर्ड करावं. मग त्या नकाशाचा वरच्या गच्चीवरून एक फोटो. व्यवहाराच्या गोष्टी, हिस्से, नामांतर, दर हे रात्री जेवण झाल्यावर, मुलं झोपल्यावर.

खर्चाचं म्हणाल तर चौघांच्या युरोपच्या विमान तिकिटात अख्खं चुलतघराणं ग्वाल्हेरला येऊन राहतं. तारीख ठरवताना तीनच गोष्टी पाहा : तानसेन समारोह, मेळा आणि धुकं. गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच करा. आणि लश्करात तुमचं कोणी उरलं नसेल, फक्त आजोबांच्या तोंडचं एखाद्या गल्लीचं नाव ठाऊक असेल, तरी या. नाव घेऊन बाड्यावर कोणत्याही जुन्या दुकानदाराला विचारा. गल्ल्यांची नावं अजून बदललेली नाहीत.